पाच वर्षं वापरला, तीन मेलमध्ये सुटला: एका पासवर्ड मॅनेजरचा रिव्ह्यू

खातं डिलीट करून महिना झाला आणि परवा त्यांचाच मेल आला, "आमच्यासोबतचा तुमचा अनुभव कसा होता?", पाच रिकामे स्टार आणि खाली ५०० अक्षरांचा डबा. खातं जर डिलीट झालंय तर माझा मेल आयडी तुमच्याकडे अजून काय करतोय हा पहिला प्रश्न, आणि पाच वर्षांचं रामायण ५०० अक्षरांत कसं बसवायचं हा दुसरा. तर इथेच लिहिते सविस्तर. पासवर्ड मॅनेजर आहे, नाव घेत नाहीये, कारण नाव घेतलं की लोक "हॅ, तो तर मला कधीच पटला नव्हता" म्हणून निवांत होतात आणि आपला स्वतःचा कुठला आहे ते बघायचं राहून जातं.

आधी जे चांगलं होतं ते सांगते, उगाच कशाला खोटं बोला. ऑटोफिल झकास होतं, दहापैकी नऊ साइटवर बरोबर चौकटीत बरोबर गोष्ट भरायची. मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीकडे लगेच सिंक व्हायचं. फॅमिली प्लॅनमध्ये घरातले सगळे जोडले होते, दादा, वहिनी, आई, आणि वायफायपासून वीजबिलापर्यंतचे पासवर्ड एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, त्यामुळे "अगं तो पासवर्ड काय होता" हा फोन पाच वर्षांत जवळपास बंद झाला होता. घरात कॉम्प्युटरचं काही अडलं की मलाच विचारतात, तर हे सगळं मीच सगळ्यांच्या गळ्यात मारलं होतं. आईला तर पटवायला दोन महिने लागले. ती म्हणायची सगळे पासवर्ड एका जागी ठेवले आणि ती जागाच फुटली तर? मी म्हटलं आई, असं होत नाही, व्हॉल्ट (म्हणजे सगळे पासवर्ड ठेवलेली तिजोरी) तुझ्या फोनवरच लॉक होतो, त्याची किल्ली तुझ्या मास्टर पासवर्डमधून, म्हणजे ॲप उघडायच्या एका मुख्य पासवर्डमधून, बनते, कंपनीकडे फक्त कुलूपबंद पेटी असते, ती चोरली तरी उघडता येत नाही. हे मी तोंडपाठ असल्यासारखं सांगायचे. आणि गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं, पण पेटी सोडून बाकी काय काय त्यांच्याकडे असतं हे मी कधी विचारलंच नाही.

पहिला मेल आला शुक्रवारी रात्री पावणेअकराला. विषय काय तर "तुमच्या खात्याच्या सुरक्षेबाबत एक सूचना". मला वाटलं फिशिंग आहे, कंपनीच्या नावाने कुणीतरी पाठवलेला खोटा मेल. खरंच, दहा मिनिटं मी तेच तपासत होते, कारण मेल त्यांच्या नेहमीच्या पत्त्यावरून नव्हता, कुठल्यातरी मार्केटिंग मेलरवरून होता आणि आतली लिंकसुद्धा आधी तिसऱ्याच पत्त्यावर जाऊन मग त्यांच्या साइटवर जात होती. जी कंपनी मला दर महिन्याला "अनोळखी लिंकवर क्लिक करू नका" असं शिकवते तिने स्वतःच्या सगळ्यात महत्त्वाच्या मेलमध्ये हे करावं, म्हणजे काय बोलायचं.

मेलमध्ये होतं की आमच्या कस्टमर सपोर्टच्या सिस्टीममध्ये कुणीतरी अनधिकृत शिरलं होतं, बाहेरच्या कंत्राटी माणसाचं लॉगिन वापरून, "मर्यादित संख्येतल्या" ग्राहकांची नावं आणि ईमेल बघितली गेली असण्याची शक्यता आहे, व्हॉल्ट पूर्ण सुरक्षित आहेत, तुम्हाला काही करायची गरज नाही. मी मनात म्हटलं ठीक आहे, होतं असं, निदान सांगितलं तरी. दादाला उलट मीच समजावलं की बाबा घाबरू नको, कुणाचं होत नाही हल्ली. त्या क्षणी मला कुणी त्यांचं रेटिंग विचारलं असतं तर मी चार स्टार दिले असते.

एकोणीस दिवसांनी दुसरा मेल. आता "मर्यादित संख्या" गायब, त्याच्या जागी "ज्यांनी सपोर्टशी कधीही संपर्क साधला असे सर्व ग्राहक". आणि मग आठवड्याने तिसरा, त्यात एक ओळ, चौथ्या परिच्छेदात मधेच, की "काही प्रकरणांमध्ये" टिकीटांना (म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारींना) जोडलेल्या फाइलीही डाउनलोड झालेल्या असू शकतात. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, घटनाक्रम. तो वाचल्यावर कळलं की त्यांना हे पहिल्या मेलच्या २३ दिवस आधीच कळलेलं होतं.

आता ती फाइल काय प्रकरण आहे ते सांगते, कारण खरी चीड त्याची आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या बँकेच्या साइटवर ऑटोफिल गडबडायचं, पासवर्ड जाऊन युजर आयडीच्या चौकटीत पडायचा, म्हणजे सरळ स्क्रीनवर दिसायचा. मी टिकीट टाकलं. सपोर्टवाल्याने सांगितलं की ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबवर जा, रेकॉर्डिंग चालू ठेवून बँकेत लॉगिन करा आणि ती हार फाइल आम्हाला पाठवा. (हार म्हणजे गळ्यातला नव्हे, एचएआर, पण झालं शेवटी तसंच.) मी शहाण्या बाळासारखं केलं. पाठवून दिली. टिकीट दोन दिवसांत सुटलं, पुढच्या अपडेटमध्ये बगही गेला, मी त्यांना पाच स्टार देऊन विसरून गेले.

हार फाइलमध्ये काय असतं हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. तेवढ्या वेळात ब्राउझर आणि साइट एकमेकांशी जे जे बोलले ते सगळं त्यात उतरतं. कुठली पानं उघडली, साइटने काय परत पाठवलं, आणि सेशन कुकीसुद्धा, म्हणजे लॉगिन झाल्यावर साइट हातावर जो शिक्का मारते तो, तो ज्याच्याकडे असेल त्याला पासवर्ड न विचारता आत सोडतात. कुकी थोड्या वेळाने मरते ते सोडा. पण लॉगिनचं बटण दाबल्यावर जे साइटकडे जातं तेही त्यात असतं, आणि साइटने पासवर्ड ब्राउझरमध्येच वेगळा गुंडाळून पाठवला नसेल तर तो सरळ वाचता येईल असा फाइलमध्ये बसतो. मी तिसरा मेल वाचल्यावर रात्री जुनी डाउनलोडची फोल्डरं उपसली, फाइल सापडली, साध्या नोटपॅडमध्ये उघडली आणि सर्चमध्ये माझा तेव्हाचा पासवर्ड टाकला. एक रिझल्ट. पिवळ्या रंगात.

म्हणजे बघा, ज्या कंपनीला मी माझे पासवर्ड कुणालाच वाचता येऊ नयेत म्हणून पैसे देत होते तिच्याच सपोर्टच्या कपाटात माझा बँकेचा पासवर्ड साध्या मजकुरात पडला होता, दोन वर्षं, काम संपल्यानंतरही. नशीब एवढंच की बँक ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावते (ज्याला मी कायम शिव्या दिल्या) त्यामुळे तो पासवर्ड कधीच मेला होता. पण माझं नाव, खात्याचा नंबर, कुठल्या बँकेत आहे, हे थोडंच बदलतं दर तीन महिन्यांनी.

आणि ही काही न ऐकलेली गोष्ट नाहीये. २०२३ मध्ये ऑक्टा या लॉगिन सांभाळणाऱ्या मोठ्या कंपनीचं हेच झालं होतं. सपोर्ट सिस्टीममध्ये घुसखोरी, ग्राहकांनी पाठवलेल्या हार फाइली, त्यातल्या सेशन कुकी. आधी म्हणाले १३४ ग्राहक, एकूण ग्राहकांच्या एक टक्क्याहून कमी. नोव्हेंबर संपता संपता सांगितलं की सपोर्ट सिस्टीम वापरणाऱ्या जवळपास सगळ्यांची नावं आणि ईमेल गेलेत. त्यात बियॉन्डट्रस्ट, क्लाउडफ्लेअर, वनपासवर्ड या ऑक्टाच्याच ग्राहक कंपन्यांनी आपापल्या सिस्टीममध्ये संशयास्पद हालचाल स्वतःच पकडली होती, आणि बियॉन्डट्रस्टने तर ऑक्टाला २ ऑक्टोबरलाच सांगितलं होतं की काहीतरी गडबड आहे, ऑक्टाने जाहीर केलं २० तारखेला. एवढं सगळं उघड होऊन गेल्यावर, त्याच धंद्यातल्या माझ्या कंपनीला आपल्या जुन्या टिकीटांतल्या हार फाइली पुसून टाकाव्यात असं वाटू नये? एक दुपार लागली असती.

मेल थोडे थोडे करून येण्याचाही इतिहास आहे. लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरचं २०२२ चं आठवत असेल. (माझी कंपनी ती नव्हे, आधीच सांगते.) ऑगस्टमध्ये सांगितलं डेव्हलपमेंटच्या सिस्टीममध्ये कुणीतरी शिरलं होतं, ग्राहकांच्या डेटाला हात लागल्याचा पुरावा नाही. नोव्हेंबरच्या शेवटी, ग्राहकांची काही माहिती. २२ डिसेंबरला, लोक सुट्टीच्या मूडमध्ये असताना, की व्हॉल्टच्या बॅकअपची कॉपीच नेलीय, आणि व्हॉल्टमध्ये पासवर्ड एन्क्रिप्टेड असले तरी साइटचे पत्ते साधेच होते. म्हणजे चोराला पेटी उघडता आली नाही तरी पेटीत कुठकुठल्या दारांच्या किल्ल्या आहेत ती यादी वर चिकटवलेली. मग २०२३ मध्ये कळलं की एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर कीलॉगर (टाइप केलेलं सगळं टिपणारं सॉफ्टवेअर) बसवून हे झालं, आणि त्या बॅकअपपर्यंत पोहोचायच्या किल्ल्या हाताशी असलेले इंजिनिअर सगळे मिळून चारच होते.

तेव्हा मी दादाला ऐटीत म्हणाले होते, बघ, आपण योग्य कंपनी निवडली. असो.

लोकांचा एक गैरसमज आहे तो इथे सांगून टाकते कारण माझाही होता. व्हॉल्टची कॉपी चोरीला गेली की मास्टर पासवर्ड बदलून काही होत नाही. चोराकडे जी कॉपी आहे ती जुन्या पासवर्डनेच उघडते, ती काही तुमच्या नव्या पासवर्डची वाट बघत बसत नाही. टू-फॅक्टरही (पासवर्डनंतर मागतात तो दुसरा कोड) तिथे बहुतेक वेळा कामाचं नाही, कारण तो कोड कंपनीच्या सर्व्हरच्या दारावर विचारला जातो, आणि चोर पेटी घेऊन त्याच्या घरी बसलाय. तिथे उपयोग दोनच गोष्टींचा, मास्टर पासवर्ड किती लांबलचक होता आणि तो किल्लीत बदलताना कंपनीने किती फेऱ्या मारल्या, म्हणजे तेच गणित किती वेळा फिरवलं, कारण जितक्या जास्त फेऱ्या तितका चोराला एकेक अंदाज करून बघायला वेळ लागतो. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवास्प ही संस्था, पीबीकेडीएफटू ही किल्ली बनवायची पद्धत वापरत असाल तर ६,००,००० फेऱ्या मारा म्हणते. लास्टपासच्या काही जुन्या खात्यांवर ५,००० च राहिल्या होत्या, नव्यांसाठी आकडा वाढवला पण जुन्यांना कुणी हलवलंच नाही. हे वाचून मी माझ्या खात्याच्या सेटिंगमध्ये गेले, तर माझा आकडा बरा निघाला. आईचा बघितला, तो माझ्या निम्म्याहून कमी. दोघींचं खातं एकाच आठवड्यात, एकाच लॅपटॉपवरून, मीच उघडलेलं. मधे कधीतरी मी मास्टर पासवर्ड बदलला होता तेव्हा माझा गुपचूप वाढला आणि आईने बदलला नाही म्हणून तिचा तसाच राहिला, एवढाच मला लागलेला अंदाज, कारण त्यांच्याकडून सरळ उत्तर आलं नाही.

सरळ उत्तराचं म्हणाल तर सपोर्टची चॅट जशीच्या तशी देते.

मी: माझ्या जुन्या टिकीटाला जोडलेली फाइल गेली का? टिकीट नंबर देतेय.
ते: तुमची काळजी आम्ही समजू शकतो. तुमचा व्हॉल्ट पूर्णपणे सुरक्षित आहे.
मी: व्हॉल्टचं विचारत नाहीये, फाइलचं विचारतेय. हो की नाही?
ते: आमच्या ग्राहकांची सुरक्षा ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे. या संदर्भातली अधिकृत माहिती आम्ही ईमेलने कळवली आहे.
मी: ती फाइल अजून तुमच्याकडे आहे का? असेल तर पुसाल का?
ते: मी तुमची विनंती संबंधित टीमकडे पाठवली आहे. आज आणखी काही मदत करू शकतो का?

माणूस होता की बॉट माहीत नाही, माणूस असेल तर त्या बिचाऱ्यावर राग नाही, त्याला जे कागदावर दिलं ते तो वाचत होता. राग त्या कागदावर आहे. कारण तो लिहिणाऱ्याला माझा प्रश्न आधीच माहीत होता आणि त्याने उत्तर न देण्याची सोय करून ठेवली.

चोरी होणं हा माझा मुद्दाच नाही हो. २०२० मध्ये फायरआय नावाच्या सिक्युरिटी कंपनीत चोर शिरले आणि त्यांची हल्ल्याच्या सरावासाठीची टूल्स घेऊन गेले. केवढी नामुष्की. त्यांनी ८ डिसेंबरला स्वतःच जाहीर केलं, आणि त्यासोबत ती टूल्स कुणी वापरली तर ओळखता यावीत म्हणून ३०० हून जास्त खुणा सगळ्यांसाठी फुकट टाकल्या, मग पाच दिवसांत मूळ कुठे आहे ते शोधलं आणि त्यातून सोलारविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीचं केवढं मोठं प्रकरण बाहेर आलं. याउलट डिजीनोटार. २०११ मध्ये या डच कंपनीत शिरून कुणीतरी ५०० हून जास्त खोटी सर्टिफिकेटं (साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारी ओळखपत्रं) बनवली, गूगलच्या नावाचंसुद्धा, कंपनीला जुलैतच कळलं, गप्प बसून आतल्या आत निस्तरायला गेली, आणि ऑगस्टच्या शेवटी इराणमधल्या एका जीमेल वापरणाऱ्याला ब्राउझरने वॉर्निंग दाखवली तेव्हा बिंग फुटलं. ब्राउझरवाल्यांनी कंपनीच्या सर्टिफिकेटांवर विश्वास ठेवणं बंद केलं, सप्टेंबरात कंपनी दिवाळखोर. माझी कंपनी काही डिजीनोटार नाही, एवढं वाईट नाही केलं त्यांनी. पण फायरआयच्या तर आसपासही नाही.

मग सोडायचं ठरवलं आणि खरा वनवास सुरू झाला. ४१२ एंट्री निघाल्या माझ्या एकटीच्या. एक्सपोर्ट केलं की सीएसव्ही फाइल मिळते, आणि ती उघडी, सगळे पासवर्ड एका खाली एक, एक्सेलमध्ये. ती फाइल करण्याआधी लॅपटॉपचं क्लाउड सिंक बंद करा, हे मी केलं नाही, आठवलं तेव्हा फाइल वर जाऊन बसली होती, मग तिथून पुसा, तिथल्या रिसायकल बिनमधून पुसा, जुनी व्हर्जन पुसा. जोडलेल्या फाइली (पासपोर्टचा स्कॅन वगैरे) सीएसव्हीत येतच नाहीत, त्या हाताने एकेक उतरवाव्या लागतात. आणि टू-फॅक्टरचे कोड मी सोयीसाठी त्याच मॅनेजरमध्ये ठेवले होते, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खिशात, ती चूक सर्वस्वी माझी. ते सगळे नव्याने वेगळ्या ॲपमध्ये जोडले. ईमेल आधी, कारण बाकी सगळ्याचं रीसेट तिथे येतं, मग बँका, मग मोबाइल कंपनीचं खातं, मग उरलेलं.

आईला फोन केला तेव्हा मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे मी म्हणत होते तीच जागा फुटली का?" मी म्हटलं नाही गं, ती नाही, तिच्या शेजारची. "मग शेजारच्या खोलीत तू काय ठेवलं होतंस?" याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचे ५० पासवर्ड आम्ही दोघींनी व्हिडिओ कॉलवर बदलले, तीन संध्याकाळी लागल्या.

रद्द करायला गेले तर सेटिंगमध्ये बटण सापडेना, ते बिलिंगच्या आत "प्लॅन व्यवस्थापन"च्या आत, आणि दाबल्यावर "जाऊ नका, तीन महिने मोफत". कारण निवडायच्या यादीत महाग वाटतं, वापरत नाही, दुसरं ॲप आवडलं, इतर. "तुमच्यावर विश्वास राहिला नाही" हा पर्याय नाही. "इतर" निवडलं.

आता कुठला घेतला विचाराल तर बिटवॉर्डन, त्याचा कोड कुणालाही बघता येतो आणि फेऱ्यांचा आकडा माझा मला बदलता येतो. दादाने कीपासएक्ससी घेतलं, त्याची फाइल त्याच्याच कॉम्प्युटरवर, कंपनीचा सर्व्हरच नाही, पण बॅकअप त्याने स्वतः घ्यायचाय आणि तो घेत नाहीये हे मला माहितीय. दोन्हींवर माझा विश्वास आहे का? कामापुरता. नव्याच्या सपोर्टला अजून एकही टिकीट टाकलेलं नाही, एका साइटवर ऑटोफिल चालत नाही तर तिथे हाताने टाइप करते.

रेटिंग: ॲपला चार, कंपनीला अर्धा, तोही पहिला मेल पाठवल्याबद्दल. फाइलबद्दलचा माझा प्रश्न "संबंधित टीमकडे" जाऊन सात आठवडे झाले. गेल्या सोमवारी त्याचं टिकीट आपोआप बंद झालं, स्टेटस "समाधान झाले". ४१२ पैकी ८३ पासवर्ड बदलायचे अजून बाकी आहेत, रोज रात्री दोन-चार करते.